कपाटशयन

माणसाच्या शरीरातील ज्या अवयवांस मराठी भाषेने मानाचे स्थान दिले, त्यांत पाठीच्या कण्याचा क्रमांक बराच वर लागेल. ताठ कण्याचा मनुष्य म्हटले म्हणजे त्याचे अधिक वर्णन करावे लागत नाही. आणि एखाद्या घराण्याचा वा संस्थेचा कणा मोडला एवढे म्हटले, की पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. परंतु भाषेने ज्यास एवढा मान दिला, त्या कण्यास हात लावण्याचे धैर्य शस्त्रवैद्यास सर्वांच्या शेवटी झाले. मूतखडा काढणारे, मोतीबिंदू उतरविणारे, तुटलेले नाक सांधणारे कुशल लोक दोन हजार वर्षांपूर्वीही होते. पृष्ठवंश उघडून आतील विकार दूर करणारा आणि रोग्यास पुन्हा त्याच्या पायांवर उभा करणारा शस्त्रवैद्य मात्र अजून पुरता दीडशे वर्षांचाही नाही. त्याच्या या उशिराच्या जन्माची आणि त्यानंतर त्यास घडलेल्या शिक्षणाची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. ती सांगताना लंडन-न्यूयॉर्कच्या रुग्णालयांइतक्याच गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्याही आमच्या डोळ्यांपुढे आहेत.

गोंदिया जिल्हा नावाने नवा, मुलूख मात्र जुना. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन तो निराळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा तलावांचा आणि धानाचा प्रदेश. नवेगाव बांधासारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची कीर्ती आजही तेथे गाइली जाते. या मुलखातील एकूण एक कष्ट वाकून करावयाचे आहेत, ही गोष्ट तेथे चार दिवस राहणाऱ्या परक्या मनुष्याच्याही ध्यानात येते. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली, म्हणजे बाया घोटाभर चिखलात कमरेतून काटकोनात वाकून दिवसभर परे रोवीत मागे मागे सरकतात. पीक आले की पुन्हा वाकून कापणी, आणि मग डोक्यावर भारे. उन्हाळ्यात जंगलात जाऊन खाली वाकून तेंदूची पाने तोडावयाची, ती मोजून त्यांचे पुडके बांधावयाचे. पावसाळ्यात घरी बसून वाकल्या मानेने बिड्या वळावयाच्या. गोंदिया शहरातील तांदळाच्या गिरण्यांत पुरुष पाठीवर पोती वाहतात. मनुष्य पुढे वाकून ओझे उचलतो तेव्हा कमरेच्या मणक्यांमधील गादीवरचा दाब उभे राहण्याच्या मानाने कितीतरी वाढतो, हे स्वीडनमधील नाखेमसन या संशोधकाने १९६०च्या सुमारास जिवंत माणसांच्या मणक्यांतील गादीत सुई घालून प्रत्यक्ष मोजून दाखविले. ते गोंदियाच्या बाईस कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिने त्यास नाव दिलेले नाही इतकेच. कंबर धरली म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरते.

अशा दुखण्यात आमच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या धाव घेतली गेली ती हाडवैद्याकडे. या मनुष्यासंबंधी आमच्या सुशिक्षित वर्गात एक तर भाबडी श्रद्धा किंवा सरसकट तुच्छता आढळते. दोन्ही गोष्टी अज्ञानाच्या आहेत. निखळलेला खांदा बसविणे, मनगटाचे हाड ओढून सरळ करणे, बांबूच्या कामट्या लावून पाय बांधणे, ही कामे त्याने बहुधा बरी केली आणि कधी फार वाईट केली. घट्ट बांधलेल्या पट्टीखाली रक्त अडून हात सडल्याची उदाहरणे कोणत्याही अस्थिरुग्णालयात ऐकावयास मिळतात. परंतु कण्यापाशी त्याची विद्या संपते. हाताचे हाड मोडले तर हाडच मोडते; कणा मोडला तर त्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूस इजा होते, आणि ती तंतूंची जुडी एकदा चिरडली गेली म्हणजे हाडासारखी पुन्हा सांधत नाही. तेल लावून चोळल्याने किंवा पाठीवर पाय देऊन दाबल्याने तेथे बरे व्हावयाचे काही नसते, बिघडावयाचे मात्र पुष्कळ असते.

हे ज्ञान प्राचीनांस नव्हते असे समजू नये. इजिप्तमध्ये लक्झर येथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने विकत घेतलेल्या एका पपायरसात, ख्रिस्तापूर्वी सुमारे सोळाशे वर्षांच्या त्या प्रतीत, अठ्ठेचाळीस दुखापतींची वर्णने आहेत. त्यांत मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे वर्णन आहे: त्यास हातपायांची शुद्ध नाही आणि मूत्र आपोआप ठिबकते. त्यापुढे त्या वैद्याने स्पष्ट लिहिले आहे की हा विकार चिकित्सा करण्याजोगा नाही. आम्हांस त्या अज्ञात वैद्याच्या या निकालाविषयी मोठा आदर वाटतो. कारण पुढील काळातील कित्येकांस एवढे म्हणण्याचे धैर्यही झाले नाही. ग्रीसमध्ये कुबड आलेल्या माणसास शिडीस बांधून, ती शिडी उंच उचलून खाली आदळण्याची चाल होती, आणि हिप्पोक्रातिसाच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. तमासगीर जमविण्यासाठी हा प्रयोग करणाऱ्या वैद्यांचा त्याच ग्रंथात उपहास केलेला आहे, ही गोष्टही न्यायाने सांगितली पाहिजे.

आमच्या सुश्रुताने भग्नाचे निदान व चिकित्सा यांस स्वतंत्र अध्याय दिले आहेत. सांधे निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार त्याने सांगितले. ओढणे, दाबणे, सरळ करणे व बांधणे या क्रिया सांगितल्या. आणि मांडी, नडगी, कंबर व पाठीचा कणा यांच्या भग्नांसाठी एक विशेष शय्या सांगितली, तिचे नाव कपाटशयन. मराठी वाचकाने येथे कपडे ठेवण्याचे कपाट मनात आणू नये. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. रोग्यास दाराच्या फळीवर निजवावयाचे आणि त्याने हालू नये म्हणून फळीत पाच ठिकाणी खुंट्या ठोकून त्यांस त्यास बांधावयाचे. सुश्रुताच्या नाकाच्या शस्त्रक्रियेची जगभर वाखाणणी झाली. या फळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या मते तिची योग्यता कमी नाही. मोडलेल्या कण्याचे पहिले औषध निश्चलता हे आहे, आणि ती साधण्यास दारापेक्षा सोयीची वस्तू प्रत्येक घरी दुसरी कोणती असणार?

कथा-पुराणांतील कुब्जेचे आख्यान या प्रसंगी सहज आठवते. भागवतकारांनी श्रीकृष्णास तिच्या पायांच्या चवड्यांवर आपले पाय ठेवावयास लावले आणि हनुवटीस दोन बोटे देऊन तिला वर उचलविले. कीर्तनकार त्यास कृपा म्हणतात, आणि ती तशी आहेच. परंतु आजच्या शस्त्रवैद्याने ते वाचले तर खाली स्थिर आधार आणि वर ओढ अशी ही कर्षणाची अगदी शास्त्रशुद्ध रीत आहे, असे तो म्हणेल. असो.

कुबड आणि पायांचा लकवा यांची सांगड प्रथम नीट घातली ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील पर्सिव्हल पॉट याने. पॉटचे चरित्र मोठे मनोरंजक आहे. १७५६ सालच्या जानेवारीत ओल्ड केंट रोडवर त्याचा घोडा घसरला आणि नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. जमलेले लोक त्यास उचलू लागले तेव्हा त्याने कोणास हात लावू दिला नाही. त्या गारठ्यात रस्त्यावर पडून राहून त्याने एक दार विकत घेतले, मेणा वाहणारे दोन भोई त्यांच्या दांड्यांसह बोलावून आणविले, दांड्या दारास ठोकविल्या, आणि स्वतःस त्या दारावर निजवून घरी नेवविले. पाय कापण्याचा निर्णय होऊन हत्यारे मांडली गेली होती. इतक्यात त्याचे वृद्ध गुरू नोर्स आले आणि त्यांनी पाय वाचविण्याचा सल्ला दिला. पाय वाचला. सक्तीच्या विश्रांतीत पॉटने लेखणी हाती घेतली ती पुढे कधी खाली ठेवली नाही. सुश्रुताचे नावही त्याने ऐकलेले असण्याचा संभव नाही. तरी संकटाच्या वेळी बुद्धिमान वैद्यास सुचले ते दारच.

ही गोष्ट आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील जंगलपट्टीत कोणी झाडावरून पडतो, कोणी विहिरीत, कोणी उलटलेल्या बैलगाडीखाली सापडतो. चार माणसे धावतात, एकजण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, आणि मधली पाठ झोळीसारखी लोंबते. किंवा त्यास सुंभाच्या बाजेवर टाकतात, तीही मध्ये खचलेली. मणका मोडूनही ज्याचा मज्जारज्जू शाबूत होता असा मनुष्य या दोन मैलांच्या वाटेत कायमचा पांगळा होऊ शकतो. बिजागरीवरून काढलेले एक दार, त्यावर तीन-चार जणांनी डोके, पाठ व पाय एका रेषेत राखून अलगद सरकविलेला रोगी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस कापडाच्या गुंडाळ्या, एवढ्याने तो शस्त्रवैद्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हजारो रुपयांची यंत्रे पुढे जे करू शकत नाहीत ते हे दार करू शकते.

पॉटकडे पुन्हा वळू. १७७९ साली त्याने कण्याचे वक्रत्व व पायांचे लुळेपण यांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. वाकलेले हाड मज्जारज्जूस दाबते म्हणून लकवा होतो, अशी तेव्हाची समजूत होती आणि म्हणून पाठ ताणून सरळ करण्याची नाना यंत्रे निघाली होती. पॉटने सांगितले की मूळ दोष बाकात नाही, हाड आतून सडण्यात आहे. यंत्रे फेकून द्या. त्याने स्वतः सुचविलेला उपाय मात्र कुबडाच्या दोन्ही अंगांस डाग देऊन जखमा वाहत्या ठेवण्याचा होता, आणि तो आज कोणी करणार नाही. हा सडण्याचा रोग म्हणजे क्षय, हे कळण्यास १८८२ सालचा कॉखचा शोध लागावा लागला. इजिप्तमधील अमुनदेवाच्या नेस्पेरेहान नावाच्या पुजाऱ्याच्या ममीतही कण्याचा क्षय व त्यातून उतरलेले पुवाचे गळू आढळले आहे. म्हणजे रोग तीन हजार वर्षांचा आणि त्याची खरी ओळख अवघी शे-दीडशे वर्षांची.

यानंतर पाच वर्षांनी, ९ जून १८८७ रोजी, लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया झाली जिला पृष्ठवंशाच्या शस्त्रवैद्यकाचा जन्मदिवस म्हणावयास हरकत नाही. गिल्बी नावाचा एक लष्करी कॅप्टन पाठीतील वेदनांनी व वाढत्या लकव्याने जर्जर झाला होता. गॉवर्स या मज्जातंतुतज्ज्ञाने केवळ संवेदना कोठून नाहीशी होते हे तपासून, क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी आठ वर्षे, मज्जारज्जूवर गाठ आहे आणि ती अमुक ठिकाणी आहे असे अनुमान केले. व्हिक्टर हॉर्स्ली तेव्हा नुकताच तिशीचा झाला होता. त्याने मणक्यांच्या मागील कमानी काढून पाहिले, गाठ दिसेना. तेथेच थांबून जखम शिवणे सोपे होते. त्याने वर आणखी हाड काढले आणि बदामाएवढी गाठ हाती लागली. कॅप्टन पुढे चालू लागला, कामावर गेला. अनुमान एकाचे, हात दुसऱ्याचे, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास: या धंद्याचे सगळे सार त्या एका दुपारी प्रकट झाले.

परंतु यशही मनुष्यास चुकीच्या वाटेने नेते. गाठ काढण्यास जी वाट उत्तम ठरली तीच कण्याच्या क्षयातही अवलंबिली गेली. लकवा झाला आहे ना, मग मागील कमानी काढून दाब कमी करा, असा तर्क होता. क्षय बहुतकरून मणक्याच्या पुढील भागात असतो. पुढचा भाग आधीच कुजलेला, आणि मागील जो निरोगी खांब शरीर तोलून धरीत होता तो शस्त्रवैद्याने काढला. खांब गेल्यावर घर कोसळावे त्याप्रमाणे कित्येक रोग्यांचे कुबड वाढले आणि लकवाही वाढला. हा धडा शिकण्यास अनेक वर्षे आणि अनेक पाठी लागल्या. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स व आल्बी यांनी स्वतंत्रपणे उलट मार्ग धरला: काढावयाचे नाही, जोडावयाचे. आल्बीने नडगीच्या हाडाची पट्टी कापून ती कण्यात कलमासारखी बसविली. तरीही रोग शरीरात राहतच होता, आणि रोगी, त्यांत मुलेच फार, प्लास्टरच्या साच्यात वर्षानुवर्षे उताणी निजून आरोग्यधामांच्या व्हरांड्यांतून आकाश पाहत असत.

ही अवस्था पालटली ती शस्त्राने नव्हे, औषधाने. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. आता क्षय खरोखर मरतो असे दिसताच शस्त्रवैद्यांचा उत्साह दुप्पट झाला. चीनमधून आलेल्या निर्वासितांनी गजबजलेल्या हाँगकाँगात हॉजसन व स्टॉक यांनी छाती किंवा पोट उघडून, पुढील बाजूने थेट कुजलेल्या मणक्यापर्यंत जाऊन, सर्व रोगट भाग खरवडून तेथे बरगडीचे वा कमरेचे हाड बसविण्याची पद्धत काढली. १९५६ व १९६० सालचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले तेव्हा या धाडसाने जग थक्क झाले. तर्क बिनतोड होता, कारण रोग पुढे आहे तर पुढूनच गेले पाहिजे; आणि निष्णात हातांनी फळही उत्तम येत होते. प्रश्न एवढाच होता की छाती उघडण्याची सामग्री, भूल देणारा तज्ज्ञ, रक्त, आणि हॉजसनचे हात हे सगळे कोरियाच्या किंवा विदर्भाच्या खेडुतास कोठून मिळावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या रीतीने शोधले गेले ती आम्हांस या इतिहासातील सर्वांत उदात्त घटना वाटते, आणि तीत एकही नाट्यमय प्रसंग नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १९६५ पासून कोरियात मासान व पुसान येथे, आफ्रिकेत बुलावायो येथे आणि खुद्द हाँगकाँगात रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले. मासानला काहींस सहा महिने रुग्णालयात निजवून ठेवले, इतरांस घरी हिंडते-फिरते ठेवून केवळ औषध दिले. पुसानला काहींस प्लास्टरचा साचा घातला, काहींस नाही. अन्यत्र काहींवर शस्त्रक्रिया झाली. मग वर्षानुवर्षे त्या सर्वांच्या पाठी मोजल्या. निजवून ठेवल्याने काही अधिक लाभ होत नाही, साच्यानेही होत नाही, असे निष्पन्न झाले. नियमित औषध घेणाऱ्या बहुतेकांचा रोग हिंडत-फिरत बरा झाला. हॉजसनच्या शस्त्रक्रियेने हाड लवकर सांधते आणि बाक कमी राहतो, एवढा तिचा लाभ खरा ठरला. परंतु तिच्यावाचून रोगी बरा होत नाही ही समजूत गळून पडली. विशेष हे की हाँगकाँगच्या मंडळींनी आपल्याच कीर्तीच्या शस्त्रक्रियेस या कसोटीवर चढू दिले. फुप्फुसाच्या क्षयाविषयी असाच निकाल मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दिला होता: घरी दिलेले औषध आरोग्यधामातील औषधाइतकेच गुणकारी असते.

आपल्या देशात बनारस हिंदू विद्यापीठाचे प्राध्यापक तुली यांनी हाच विचार रोजच्या व्यवहारात आणला. त्यांच्यापुढे रोग्यांची रीघ होती आणि शस्त्रक्रियागृहे थोडी. त्यांनी सर्वांस औषध सुरू केले, आणि ज्यांचा लकवा काही आठवड्यांत औषधाने हटेना किंवा वाढू लागला, ज्यांचे निदान संशयित होते, किंवा ज्यांचा कणा डळमळीत झाला होता, अशांसाठीच शस्त्र राखून ठेवले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीस त्यांनी मध्यममार्ग असे नाव दिले. सारनाथ बनारसपासून दोन कोसांवर आहे. नाव कोठून सुचले हे सांगावयास नको. कण्याच्या क्षयाने लुळे पडलेले रोगीही पुष्कळ वेळा शस्त्रावाचून चालू लागतात, हे त्यांनी दाखवून दिले. शस्त्रवैद्याने न चालविलेल्या शस्त्राचा हिशेब मांडून कीर्ती मिळविल्याचे असे उदाहरण विरळा.

मोडलेल्या कण्याच्या बाबतीतही संयमाचाच विजय आधी झाला. पहिल्या महायुद्धात ज्यांचा मज्जारज्जू तुटला ते सैनिक बहुतेक थोड्याच महिन्यांत शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विषाराने मरण पावले. जर्मनीतून परागंदा झालेला ज्यू वैद्य लुडविग गुटमान याने १९४४ साली इंग्लंडात स्टोक मॅन्डेव्हिल येथे एक विभाग उघडला आणि हुकूम सोडला की प्रत्येक रोग्यास दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवावयाचे, अंथरूण कोरडे ठेवावयाचे, मूत्राशयाची निगा राखावयाची आणि त्यास काम द्यावयाचे. घाईने कमानी काढणाऱ्या शस्त्रवैद्यांचा तो कट्टा विरोधक होता. रोगी मरण्याचे थांबले. मग जगून करावयाचे काय, हा प्रश्न आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनची ऑलिंपिक सुरू झाली त्याच दिवशी, त्याने सोळा पंगू सैनिकांचे धनुर्विद्येचे सामने भरविले. त्यांतून पुढे जी क्रीडापरंपरा वाढली, तिच्यात १९७२ साली हायडेलबर्ग येथे भारतास पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा जलतरणपटू मराठी होता. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले होते. त्यांनी पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडले. त्यांस पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, याविषयी अधिक काही न बोलणेच बरे. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पांगळ्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तशी सोय झाडावरून पडलेल्या शेतमजुरास मिळत नाही. तो घरी येतो, आणि दोन तासांनी कुशीवर वळविण्याचे काम त्याच्या बायकोच्या वाट्यास येते, जी पहाटे रोवणीस जावयाची असते.

एवढा इतिहास पाठीशी घेऊन आजचा पृष्ठवंशाचा शस्त्रवैद्य तयार होतो. साडेचार वर्षांची पदवी, एक वर्ष उमेदवारी, तीन वर्षे अस्थिशल्याची पदव्युत्तर विद्या, आणि त्यानंतर केवळ कण्यासाठी एखाद्या गुरूपाशी आणखी वर्ष-दोन वर्षे. तिशी ओलांडल्यावर त्याची खरी कारकीर्द सुरू होते. मणक्याच्या मागून पुढे जाणाऱ्या अरुंद हाडात स्क्रू बसविण्याची युक्ती पॅरिसच्या रुआ-कामीय याने १९६३ साली प्रथम वापरली. छातीच्या भागात हे हाड काही ठिकाणी चार-पाच मिलिमीटरच रुंद असते आणि त्यालगतच मज्जारज्जू असतो. तेथे हाताचा कंप चालत नाही. परंतु त्याच्या दिवसाचा मोठा भाग स्क्रूत जात नाही, नकार देण्यात जातो. पायात उतरणाऱ्या कळेचे कारण मणक्यामधील फुटलेली गादी असते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली सिद्ध केले. आणि अशा रोग्यांपैकी बहुतेक काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, हे पुढे अनुभवाने कळले. चुंबकीय चित्रात गादी सरकलेली दिसली म्हणून घाबरून आलेल्या मनुष्यास, चाळिशीनंतर अशी गादी न दुखणाऱ्या पाठीतही पुष्कळदा दिसते, हे समजावून परत पाठविणे हा त्याच्या धंद्यातील सर्वांत कमी मोबदल्याचा आणि सर्वांत प्रामाणिक भाग होय. उलट ज्याची लघवी अडली आहे, मांडीच्या आतील बाजूची संवेदना गेली आहे, त्याची शस्त्रक्रिया उद्यावर टाकणे हा अपराध आहे. हा भेद ओळखण्यासाठीच ती सारी वर्षे खर्ची पडलेली असतात.

पूर्व विदर्भात त्यास आणखी एक गोष्ट शिकावी लागते, जी परदेशी क्रमिक पुस्तकांत कोपऱ्यात छापलेली असते. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या होणारा सिकलसेल हा आनुवंशिक विकार या भागातील अनेक समाजांत आहे. नागपूरच्या वैद्यांनी १९५८ सालीच त्याची नोंद केली होती. त्यात मणक्यांचा रक्तपुरवठा तुटून ते मध्ये खचतात, पाठ असह्य दुखते, आणि क्ष-किरणाच्या चित्रात ते मणके अननुभवी डोळ्यास भलत्याच रोगाचे वाटतात. त्यांत जंतूंची लागणही होते, ती क्षयाशी मिळतीजुळती दिसते. गोंदियाच्या पोराची पाठ दुखते तेव्हा रक्ताची एक साधी तपासणी करण्याचे भान मुंबईहून आलेल्या हुशार माणसास राहीलच असे नाही. स्थानिक अनुभवी डॉक्टरास ते असते.

गोंदिया येथे २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी कण्याच्या मोठ्या दुखण्यास नागपूर गाठणे एवढीच वाट होती, आणि अवघड रोग्यास ती आजही चुकत नाही. रेल्वे आहे म्हणून ही वाट आखूड वाटते. परंतु रोग्याची खरी वाट स्टेशनापासून मोजावयाची नसते, दुखणे सुरू झाल्या दिवसापासून मोजावयाची असते. कण्याचा क्षय रात्री ठणकतो, अंग रोडावते, संध्याकाळी कणकण येते. रोवणीच्या दिवसांत ही लक्षणे कष्टाच्या खाती सहज जमा होतात. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते पाय लटके पडण्यापूर्वी सुरू झाले, तर शस्त्रवैद्याचे तोंडही पाहावे लागत नाही. महिनाभर न हटणारी आणि रात्री झोपू न देणारी पाठदुखी हे कामाचे दुखणे नव्हे, एवढे वाक्य आशाताईने घरोघर सांगितले तर तिच्या हातून जे घडेल ते हॉजसनच्या हातूनही घडले नसते.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतून लोकांस त्यांची दुखणी विचारली, तेव्हा पाठ-कंबरेचे दुखणे फार मोठ्या प्रमाणावर पुढे आले. रोगांच्या सरकारी कोष्टकांत त्यास कधी मानाचे स्थान नव्हते, कारण त्याने कोणी मरत नाही. चातगावजवळील शोधग्राम येथे माँ दंतेश्वरी नावाच्या दवाखान्यात डॉ. शेखर भोजराज व त्यांच्या स्पाइन फाउंडेशनची मुंबईची शस्त्रवैद्य मंडळी ठराविक काळाने येतात, रोगी तपासतात, आणि ज्यांस आवश्यक त्यांच्या शस्त्रक्रिया तेथेच करतात. रोगी मुंबईस न्यावयाचा नाही, शस्त्रवैद्य जंगलात आणावयाचा, अशी ही योजना आहे. तपासलेल्यांपैकी शस्त्राची गरज असलेले थोडेच निघतात, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांनी ओळखलेच असेल. उरलेल्यांस व्यायाम शिकवितात, ओझे कसे उचलावे हे दाखवितात. रोवणी वाकल्यावाचून कशी करावी हे मात्र अजून कोणास दाखविता आलेले नाही. रोवणीची यंत्रे निघाली आहेत. ती मोठ्या सपाट बांधीत चालतात, आणि झाडीपट्टीतील बांध्या लहान लहान आहेत.